कोळशाच्या गावातला गोंगाट : ‘क्रिएटर’ आणि ‘एंडलेस पेन’

जानेवारी १९८५. पश्चिम जर्मनीतल्या रूर खोऱ्याच्या पश्चिम भागात धुरक्याचा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा इशारा जाहीर झाला. देशात ही वेळ पहिल्यांदाच आली होती. जमिनीलगत थंड हवा साचलेली, तिच्यावर ऊबदार हवेचा थर आणि त्या थराखाली चिमण्यांतून, घराघरांतल्या शेगड्यांतून निघालेला गंधकाचा धूर कोंडलेला. खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी झाली, कारखान्यांना उत्पादन कमी करायला लावलं, शाळा बंद ठेवल्या. एसेन शहर या पट्ट्यात येत होतं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, एसेनच्या उत्तरेकडच्या आल्टनएसेन या कामगारवस्तीतली तीन पोरं पश्चिम बर्लिनमधल्या एका स्टुडिओत दाखल झाली. गिटार वाजवणारा आणि गाणारा मिले पेट्रोत्सा सतरा वर्षांचा. ड्रम वाजवणारा आणि तोही गाणारा युर्गेन राइल, सगळे त्याला ‘वेंटोर’ म्हणत, अठरा वर्षांचा. बेस गिटारवर रॉब फिओरेट्टी. तिघांनी मिळून दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. ऑक्टोबर १९८५मध्ये ती ‘एंडलेस पेन’ या नावाने बाजारात आली, तेव्हा मिले जर्मन कायद्याने सज्ञानही झालेला नव्हता.

जर्मन हेवी मेटल म्हटलं की मराठी रसिकाला बहुधा ‘स्कॉर्पियन्स’ आठवतात. ‘विंड ऑफ चेंज’मधली ती शीळ ऐकली नाही असा पाश्चात्त्य संगीताचा शौकीन आपल्याकडे सापडणं अवघड. स्कॉर्पियन्स हानोफरचे, त्यांचा पहिला आल्बम १९७२चा. त्यानंतर झोलिंगेनच्या ‘अ‍ॅक्सेप्ट’ने या संगीताला पोलादी धार आणली. या दोन्ही बँडनी जर्मनीबाहेर नाव काढलं ते सफाईच्या बळावर : नेटके सूर, घोटून बसवलेले गिटारचे तुकडे, लक्षात राहणारी ध्रुवपदं. एसेनच्या या तिघांच्या ‘क्रिएटर’ या बँडच्या पहिल्या आल्बममध्ये यांतलं जवळजवळ काहीही नाही. तरीही चाळीस वर्षं उलटल्यावर जगभरचे मेटलवाले ‘एंडलेस पेन’चं नाव आदराने घेतात. हा आदर नुसत्या जुन्या आठवणींपोटी नाही. हा आल्बम कुठे आणि कशातून उभा राहिला हे पाहिलं की त्याच्या ओबडधोबडपणाचं मोल कळतं.

आल्टनएसेनची ओळख कोळशाची. रूर खोऱ्याच्या पोटातला हा दगडी कोळसा शंभर-सव्वाशे वर्षं जर्मनीच्या भट्ट्या पेटवत आला होता. १९५७ साली पश्चिम जर्मनीतल्या कोळसा खाणींत सुमारे सहा लाख माणसं कामाला होती. पुढच्याच वर्षापासून उतरती कळा लागली. बाहेरून येणारा कोळसा स्वस्त पडू लागला, घराघरांत आणि कारखान्यांत खनिज तेलाने शिरकाव केला, आणि एकामागून एक खाणींना टाळी लागत गेली. मिले आणि वेंटोर शाळेत जात होते त्या काळात एसेनमध्ये ‘त्सोलफरआइन’ ही शेवटची खाण तेवढी धुगधुगी धरून होती. तीही २३ डिसेंबर १९८६ रोजी बंद झाली. वडील खाणीत, आजोबा खाणीत, तेव्हा मुलगाही खाणीत, हा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता या मुलांच्या डोळ्यांदेखत मोडत होता.

कोळसा काढायला माणसं कमी पडत तेव्हा जर्मनीने बाहेरून कामगार आणले. इटलीशी तसा करार झाला डिसेंबर १९५५मध्ये. पुढे तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हियातूनही माणसं आली. मिलेचे वडील दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचे. फिओरेट्टी हे आडनावही इटालियनच. नंतरच्या काळात पत्रकार ज्या वेगवान मेटलला ‘जर्मन थ्रॅश’ असं रुबाबदार नाव देऊ लागले, त्याच्या पायाशी असलेल्या या बँडमधल्या तिघांपैकी दोघांची आडनावं आल्प्सच्या पलीकडची होती, हे नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

आता जागेबद्दल, कारण या गोष्टीत जागेला फार महत्त्व आहे.

आल्टनएसेनमध्ये ‘त्सेखे कार्ल’ नावाची एक जुनी खाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती खोदली गेली. तिच्या तोंडावर ‘मालाकोफ’ पद्धतीचा बुरूज उभा आहे. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलजवळच्या मालाकोफ या रशियन बुरजाने मोठी झुंज दिली होती. त्याचं नाव रूरमधल्या लोकांनी आपल्या खाणींवरच्या या दणकट इमारतींना देऊन टाकलं. पोलादी मनोरे येण्यापूर्वी पाळण्याचं चाक आणि त्याला लोंबणारा सगळा भार पेलायला जाडजूड विटांच्या भिंतीच लागत, म्हणून हे बुरूज किल्ल्यासारखे दिसतात. कार्ल खाणीतून कोळसा काढणं १९२९ सालीच थांबलं. १९७०च्या दशकात या इमारती पाडायची वेळ आली, तेव्हा वस्तीतले रहिवासी आणि तरुण पोरं आडवी आली. इमारती वाचल्या आणि तिथे तरुणांसाठी, वस्तीसाठी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. नाटकं, सभा, संगीताचे कार्यक्रम आणि बँडना सरावासाठी खोल्या.

याच त्सेखे कार्लमध्ये क्रिएटरचा सराव चाले.

विजेवर चालणाऱ्या, कान किटवणाऱ्या संगीताची पहिली अडचण सुरांची नसते, शेजाऱ्यांची असते. कामगारवस्तीतल्या लहान घरांत ड्रम वाजवणं म्हणजे रोजचं भांडण. ज्याला खोली मिळाली त्याचाच बँड टिकतो, हे कुठल्याही शहरातला वादक सांगेल. आल्टनएसेनच्या पोरांना तर शंभर वर्षांपूर्वी यंत्रांचा खडखडाट सोसायला बांधलेल्या वास्तूचा आसरा मिळाला. संगीताच्या इतिहासात आपण प्रतिभेबद्दल भरभरून लिहितो, खोलीबद्दल लिहीत नाही. क्रिएटरच्या बाबतीत तसं केलं तर निम्मी गोष्ट सांगायची राहून जाईल.

बँडची सुरुवात १९८२ची. सुरुवातीला नाव ‘टायरंट’, पुढे बदलून ‘टॉरमेंटर’. मिले लहानपणी ‘किस’ या अमेरिकन बँडचा वेडा होता. रंगवलेले चेहरे, तोंडातून आग, रक्ताच्या चुळा असा तो सगळा थाट. त्यानंतर या पोरांच्या हाती इंग्लंडच्या ‘वेनम’च्या तबकड्या लागल्या आणि सगळं बदललं. वेनम न्यूकॅसलचे, म्हणजे तेही कोळशाच्याच मुलखातले. १९८१चा ‘वेलकम टू हेल’ आणि १९८२चा ‘ब्लॅक मेटल’ हे त्यांचे दोन आल्बम वादनाच्या दृष्टीने कच्चे होते, ध्वनिमुद्रण तर चिखलासारखं. पण त्यातून एक निरोप युरोपभरच्या पोरांपर्यंत पोचला : वाजवता येईपर्यंत थांबायची गरज नाही. १९८३मध्ये अमेरिकेतून ‘मेटालिका’ आणि ‘स्लेयर’ यांचे पहिले आल्बम आले आणि वेगाची नवी मोजपट्टी मिळाली. वेनमचा काळोख आणि अमेरिकनांचा वेग यांची सांगड घालायची, एवढाच त्यांचा बेत होता.

त्या काळी अशा बँडचं नाव पसरायचं ते टपालाने. सरावाच्या खोलीत किंवा एखाद्या स्वस्त स्टुडिओत कॅसेट भरायची, तिच्या प्रती काढायच्या आणि हौशी नियतकालिकांत छापून आलेल्या पत्त्यांवर धाडायच्या. पलीकडचा त्याच्या गावच्या बँडची कॅसेट उलट टपाली पाठवी. टॉरमेंटरने १९८३ साली ‘ब्लिट्झक्रीग’ आणि १९८४ साली ‘एंड ऑफ द वर्ल्ड’ अशा दोन कॅसेटी काढल्या. दुसरीचं नाव पोरकट वाटू शकतं. पण त्या काळचा जर्मनी आठवावा. १९८३च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत अमेरिकेची नवी पर्शिंग अण्वस्त्रं आणून बसवली जात होती. विरोधात लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. शाळेतली मुलंसुद्धा अणुयुद्ध झालं तर पहिला बॉम्ब आपल्याच डोक्यावर पडणार, हे गृहीत धरून चालली होती. जगाचा शेवट हा त्या पिढीचा रोजच्या बातम्यांतला विषय होता.

पश्चिम बर्लिनमध्ये कार्ल-उलरिश वाल्टरबाख नावाचा एक खटपटी माणूस होता. ‘अ‍ॅग्रेसिव्ह रॉकप्रोडुक्त्सिओनेन’ या आपल्या कंपनीतर्फे तो आधी पंक बँडच्या तबकड्या काढायचा. पंकचा भर ओसरू लागला तसा त्याने आपला मोर्चा मेटलकडे वळवला आणि १९८३मध्ये ‘नॉइज रेकॉर्ड्स’ सुरू केली. दोन-तीन वर्षांत त्याने जे बँड गोळा केले त्यांची यादी आज पाहिली तर आश्चर्य वाटतं : हाम्बुर्गचे ‘रनिंग वाइल्ड’ आणि ‘हेलोवीन’, स्वित्झर्लंडचे ‘हेलहॅमर’ आणि त्यातूनच निघालेले ‘सेल्टिक फ्रॉस्ट’. या मंडळींत त्याने आल्टनएसेनच्या पोरांनाही घेतलं. पुढे नॉइजच्या करारांवरून काही बँडशी खटके उडाले, हेलोवीनचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, हे खरं. पण १९८५ साली सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचा हा गोंगाट तबकडीवर आणण्याची जोखीम घेणारा तोच होता.

नाव मात्र बदलावं लागलं. ‘टॉरमेंटर’ नावाचे बँड इतरत्रही होते. म्हणून ‘क्रिएटर’, तेही जर्मन वळणाने, इंग्रजीतल्या ‘सी’ऐवजी ‘के’ घालून. जुनं नाव त्यांनी सोडलं, पण टाकलं नाही. आल्बममधल्या एका गाण्याचं नाव ‘टॉरमेंटर’ आहे.

एसेनहून पश्चिम बर्लिनला सडकेने जायचं तर तेव्हा पूर्व जर्मनी ओलांडावा लागे. हेल्मश्टेटच्या नाक्यावर कागदपत्रं तपासून घ्यायची, ठरवून दिलेल्याच महामार्गाने, ताशी शंभर किलोमीटरच्या मर्यादेत जायचं, वाटेत भलतीकडे वळायचं नाही. चारी बाजूंनी भिंत असलेल्या त्या अर्ध्या शहरात ‘काएट’ नावाचा स्टुडिओ होता. तिथे होर्स्ट म्यूलर या निर्मात्याच्या देखरेखीखाली थोड्याच दिवसांत सगळं काम उरकलं. खोलीत वर्षानुवर्षं वाजवून गाणी पाठ झालेली होती. पैसा आणि वेळ या दोन्ही गोष्टी बेताच्याच.

आल्बम लावला की पहिल्यांदा कानावर आदळतो तो वेग. थ्रॅश मेटलमधला गिटारवादक उजव्या तळव्याची कड तारांवर घोडीजवळ टेकवतो आणि खर्जाची तार दाबून ठेवतच तिच्यावर झपाझप पट्टी मारतो. त्यामुळे सूर लांबत नाही, त्याचे तुकडे पडतात आणि त्यांना तालवाद्याचा ठोसा येतो. मिले हे करतो, आणि मधूनच हात उचलून तार मोकळी सोडतो, की स्वर एकदम फिस्कटून वर येतो. खाली वेंटोरचा ड्रम : दोन्ही पाय चालू, हातांची टिपरी घाईघाईने पडतेय, आणि गाणं पुढे सरकेल तशी लय चढतेय. लय चढणं हा शिस्तीच्या दृष्टीने दोषच. आपल्याकडे तबलजीची लय अशी वाढली तर गवई डोळे वटारील. पण इथे तीच गोष्ट गाण्याला पुढे फेकते. कड्याच्या टोकाला येऊन पडता पडता सावरलेलं वादन आहे हे, आणि ते कसं सावरतं याकडे कान लागून राहतात.

गाण्यांपैकी साधारण निम्मी वेंटोरने गायली आहेत, निम्मी मिलेने. वेंटोरचा आवाज घोगरा आणि जाड, ‘वेनम’च्या वळणाचा. ड्रम वाजवता वाजवता गायची सवय असल्यामुळे त्याचे शब्द ठोक्याला चिकटून येतात. मिलेचा आवाज याच्या उलट : चिरका, घशाच्या वरच्या भागातून काढलेला, शब्दाच्या शेवटी किंचाळीत विरणारा. शीर्षकगीत वेंटोरचं, ‘टोटल डेथ’ मिलेचं. एकाच तबकडीवर दोन बँड वाजताहेत असा भास क्षणभर होतो. पुढे मिलेच मुख्य गायक झाला आणि त्याचा हाच आवाज क्रिएटरची खूण बनला. तो आवाज स्वतःला कसा शोधतोय, हे या आल्बममध्ये ऐकायला मिळतं.

शब्दांबद्दल मात्र भीड बाळगण्याचं कारण नाही. सैतान, रक्त, थडगी, मृत्यू, पुन्हा रक्त. इंग्रजी शाळेत शिकलेलं, व्याकरण ठिकठिकाणी लंगडं. बराचसा काळोख वेनमकडून उसना आणलेला. तो उसना आहे हे ऐकूही येतं. पण दोन-तीन गाण्यांत दुसरंच काही डोकावतं. ‘क्राय वॉर’, ‘लिव्हिंग इन फिअर’, ‘डाइंग व्हिक्टिम्स’ ही नावंच पाहावीत : भुताखेतांची जागा इथे युद्ध आणि भीती घेऊ लागली आहे. पुढच्या काळात मिलेने पर्यावरण, राजकारण, वंशद्वेष यांवर रोखठोक गाणी लिहिली. त्या वाटेचं पहिलं पाऊल इथे पडलेलं आहे.

‘फ्लॅग ऑफ हेट’ हे या आल्बममधलं सर्वांत चिवट गाणं. १९८६मध्ये त्यांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच नावाची छोटी तबकडी काढली. मैफलीच्या शेवटी हे गाणं वाजवायचं आणि मिलेने झेंडा फडकावायचा, ही रीत अनेक वर्षं चालली. संगीत म्हणून त्याहून चांगली गाणी क्रिएटरने ढिगाने केली. पण मैफल संपवायला त्यांना परत परत सतराव्या वर्षीचं गाणंच लागे.

एकटा क्रिएटर काही आकाशातून पडला नाही. शेजारच्या गेल्सेनकिर्शेनमध्ये ‘सोडोम’ होता. त्याचा गायक टॉम एंजलरिपर खरोखरच कोळशाच्या खाणीत कामाला जात असे. त्यांची ‘इन द साइन ऑफ इव्हिल’ ही छोटी तबकडी १९८५चीच. तिकडे दक्षिणेला, स्विस सीमेवरच्या वाइल आम राइनमध्ये ‘डिस्ट्रक्शन’ने त्याच वर्षी ‘इन्फर्नल ओव्हरकिल’ काढला. डॉर्टमुंडमध्ये १९८३पासून ‘रॉक हार्ड’ हे नियतकालिक निघत होतं. डिसेंबर १९८३मध्ये तिथल्याच वेस्टफालेनहालेमध्ये ‘आयर्न मेडन’, ‘जुडास प्रीस्ट’, ओझी ऑसबर्न यांचा दोन दिवसांचा मोठा जलसा झाला आणि सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो घरोघरी पोचवला. रूरची गावं एकमेकांना इतकी खेटून आहेत की ट्राममधून एका गावातून दुसऱ्या गावात गेलो हे कळतही नाही. एका गावातला बँड दुसऱ्या गावातल्या मैफलीला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या सरावाला, असं हे सगळं एकमेकांत मिसळलेलं होतं. सोडोमचा गिटारवादक मिखाएल वुल्फ काही काळ क्रिएटरमध्येही वाजवून गेला.

दुसरा आल्बम ‘प्लेझर टू किल’ १९८६मध्ये आला, तोही बर्लिनमध्येच ध्वनिमुद्रित झालेला, पण या वेळी हॅरिस जॉन्स या जाणत्या निर्मात्याबरोबर. तो पहिल्यापेक्षा निःसंशय सरस आहे. रचना पक्क्या, आवाज भरदार, वेग आणखी चढा. अमेरिकेत आणि इतरत्र पुढे जे ‘डेथ मेटल’ जन्माला आलं त्याच्या पूर्वजांत या आल्बमची गणना होते. १९८९मध्ये ‘एक्स्ट्रीम अ‍ॅग्रेशन’ लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याच वर्षी थॉमस शाट या दिग्दर्शकाने ‘थ्रॅश, आल्टनएसेन’ हा माहितीपट काढला. रंगमंचावरच्या धुराइतकीच रूरमधली वस्ती आणि तिथली माणसं त्यात आहेत. आल्बम ऐकून झाल्यावर तो जरूर पाहावा. मार्च १९९०मध्ये, भिंत पडून चार महिने होतात न होतात तोच, हा बँड पूर्व बर्लिनमध्ये वाजवत होता. पाच वर्षांपूर्वी नाक्यावर कागद दाखवून जो देश नुसता ओलांडून जायचा, तिथेच आता हजारो श्रोते त्यांच्यासाठी जमले होते.

पुढची दहा वर्षं चढउतारांची गेली. फिओरेट्टी १९९२मध्ये बाहेर पडला, वेंटोरही काही काळ सोडून गेला आणि परतला. ते सगळं इथे सांगत बसण्याचं कारण नाही. २०१२मध्ये क्रिएटर भारतात आला, बंगळूरुच्या ‘बँगलोर ओपन एअर’ या पहिल्याच महोत्सवाचा मुख्य बँड म्हणून. २०१७मध्ये ‘गॉड्स ऑफ व्हायोलन्स’ हा त्यांचा आल्बम जर्मनीच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी एसेनला लागून असलेल्या बॉट्रॉपमध्ये ‘प्रोस्पर-हानिएल’ ही जर्मनीची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली; कोळशाचं शेवटचं ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आलं. जुलै २०२४मध्ये क्रिएटर, सोडोम, डिस्ट्रक्शन आणि फ्रांकफुर्टचा ‘टँकार्ड’ असे चार जुने बँड गेल्सेनकिर्शेनच्या खुल्या रंगमंचावर एकाच दिवशी एकत्र आले. खाणी संपल्या, त्या मुलखातला हा आवाज अजून वाजतो आहे.

काही समीक्षक ‘एंडलेस पेन’ला पुढच्या आल्बमची रंगीत तालीम मानतात. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. ‘प्लेझर टू किल’मध्ये क्रिएटरला आपण काय करतोय हे ठाऊक आहे. ‘एंडलेस पेन’मध्ये ते ठाऊक नाही, आणि तरीही थांबायची तयारी नाही. अशी अवस्था कुठल्याही कलावंताच्या आयुष्यात एकदाच येते, आणि बहुतेकांची ती ध्वनिमुद्रित होत नाही. या तिघांची झाली, कारण वस्तीने एक पडकी खाण वाचवली होती, टपालाने कॅसेटी फिरत होत्या आणि एका माणसाने पोरांच्या हाती स्टुडिओची किल्ली दिली होती.

ज्यांना ऐकून पाहायचं असेल त्यांनी २०१७ची नवी आवृत्ती मिळवावी. तिच्यात मूळ दहा गाण्यांच्या जोडीला ‘ब्लिट्झक्रीग’ आणि ‘एंड ऑफ द वर्ल्ड’ या टॉरमेंटरच्या काळातल्या कॅसेटीही आहेत. आधी कॅसेटी ऐकाव्यात, मग आल्बम. आवाज जरा मोठाच ठेवावा, आणि पहिल्या फेरीत शब्दांकडे लक्ष न देता फक्त वेंटोरच्या ड्रमकडे कान द्यावा.